दिव्यामागे बल्ब नाही

आधी मोबाइल खिशात टाका. त्याचा उजेड इथे चालणार नाही, आणि आपण जिथे निघालोय तिथे त्याला रेंजही मिळणार नाही.

तुम्ही म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहात. तासाच्या ठोक्याला शिपायांची परेड काढणारं फ्रेंच घड्याळ बघून झालं, तांदळाच्या दाण्यावरची चित्रं झाली, रविवर्म्यांच्या भल्यामोठ्या चौकटींपुढे मान वर करून करून मानेला रग लागली. आता गर्दीने तुम्हाला ढकलत ढकलत एका अंधाऱ्या खोलीत आणून सोडलंय. मागून कुणाचं तरी कोपर बरगडीत रुततंय. कुणाच्या वेणीतल्या मोगऱ्याचा वास येतोय, कुणाच्या पिशवीतल्या डब्यातल्या चित्रान्नाचा. समोर एक बाई उभी आहे. एका हातात दिवा, दुसरा तळवा ज्योतीपुढे आडवा. उजेड तिच्या चेहऱ्यावर पडलाय आणि त्या आडव्या बोटांच्या कडा आतून पेटल्यागत लालसर झाल्यात.

एक काका चौकटीच्या कडेला गाल लावून मागे डोकावतायत. बल्ब शोधतायत. हसू नका, पुढचा नंबर तुमचाच आहे.

शेजारची आई पोरांना सांगते, "हे राजा रविवर्म्याचं बरं का." पोरं मान डोलावतात. काकाही डोलावतात. तुम्हीही डोलावणार होतात, पण जरा थांबा. रविवर्म्यांचा मुक्काम एके काळी याच गावात होता. मग खुद्द त्यांनाच विचारून येऊ की. डोळे मिटा आणि ज्योतीच्या दिशेने एक पाऊल टाका.

कोपर गेलं. आता येतोय तो आवाज. टण्‌ टण्‌ टण्‌ टण्‌. एक छिन्नी नव्हे, कितीतरी, आणि एकीचा ताल दुसरीला नाही. दगडाची पूड हवेत इतकी, की तोंड उघडलं तर दातांखाली कचकचते. १८९७ मध्ये राजघराण्यातल्या लग्नाच्या धामधुमीत आग लागली आणि जुना लाकडी राजवाडा जळाला. त्याच जागी हेन्री आयर्विनने आखलेला नवा राजवाडा उभा राहतोय. तो पुरा व्हायला १९१२ उजाडणार आहे. आत्ता १९०५ आहे. तोवर राजघराणं राहतं कुठे? इथेच, जगनमोहनमध्ये. म्हणजे तुम्ही या क्षणी महाराजांच्या घरात बिनबोलावता उभे आहात, पायात पोपटी रंगाचे बूट घालून. पळा.

बाहेर आलात ते थेट रस्त्यावर, आणि रस्ता म्हणजे अर्धा रस्ता, अर्धा खड्डा. प्लेगने हात दाखवल्यापासून हे गाव स्वतःला उसवून पुन्हा शिवायला बसलंय. गल्ल्या रुंद करायच्या, गटारं बांधायची, नव्या वस्त्या आखायच्या, यासाठी १९०३ मध्ये खास मंडळ नेमलंय. तुमच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की पाऊल जपून टाका. ओल्या चुन्याचा वास नाकात चढतो. त्यावर घोड्याच्या लिदीचा थर, त्यावर ओल्या गवताचा, कारण जटक्यात, म्हणजे इथल्या घोडागाडीत, बसायला गवताचीच गादी असते. जटकेवाला ओरडतो, तुम्ही उडी मारता, आणि ज्या ढिगावर पडता तो नेमका देवराज मार्केटच्या दाराशी ठेवलेला केळ्यांचा निघतो. नंजनगूडची केळी. सालं पातळ, वास गोड आणि जरा आंबूस. केळीवाली बाई कानडीत जे बोलते ते न कळलेलंच बरं.

आत चला. विड्याच्या पानांच्या ओल्या चवडी, खोबऱ्याच्या वाट्या, गुळाच्या ढेपांवर गोंगावणाऱ्या माश्या, कुंकवाचे लालभडक डोंगर. फुलवाली गजरा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजून देते. त्यामुळे जिचा हात लांब तिच्यापुढे रांग लांब. आखूड हाताच्या फुलवालीने काय करायचं, याचा विचार कुठल्याच मंडळाने केलेला दिसत नाही. घाम, मोगरा, हिंग, ओलं गोणपाट. कुणी तुमच्या पायावर पाय देतं आणि तुम्ही सवयीने मराठीत "अहो, जरा बघून" म्हणता.

"कुठून आला तुम्ही?" मराठीतच उत्तर येतं.

दुकानाच्या फळीवर एक शिंपी बसलाय. भावसार आहे. कापड रंगवणारी आणि शिवणारी ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखात राहिली आणि घरात मराठीच बोलत राहिली. त्याची मराठी तुमच्या आजीच्या मराठीपेक्षा जुनी आहे आणि मध्येच कानडीत पाय घसरून पडते. "बन्नी, बसा. ऊटा आयता? जेवला का?" तुम्ही बसता. तो तुमच्या जॅकेटची चेन खाली ओढतो, वर ओढतो, पुन्हा खाली ओढतो. मग काखेतली शिलाई बघून नाक मुरडतो. चेन जिंकली, शिवण हरली. पाहुणा म्हणून तुम्हाला ताक मिळतं, त्यात आलं आणि कढीपत्ता ठेचून घातलेला. केरळचे चित्रकार राजे? हो, आलेत की गावात. महाराजांसाठी रामायणातली चित्रं काढतायत. वाट तो सांगतो, पण अंधार पडायला लागलाय, म्हणून जाताना हातात एक दिवा देतो.

इथे जरा सावकाश घेऊ. तुम्ही ज्याला अंधार म्हणता तो हा नव्हे. या संस्थानात वीज आहे. कावेरीवरच्या शिवनसमुद्रला ती तयार होते आणि १९०२ पासून तारांवरून कोलारला, सोन्याच्या खाणींत जाते. राजाच्या गावाला तिने अजून विचारलेलं नाही. त्यामुळे दिवस मावळला की म्हैसुरात रात्र सगळीकडे एकदम शिरते, माजघरात, जिन्यात, विहिरीवर, तुमच्या बाहीत. दोन पावलांपलीकडे फक्त आवाज उरतात. कुत्र्याचा, खडावांचा, कुणाच्या तरी खोकल्याचा.

आणि तुमच्या हातात ही एवढीशी ज्योत. चार पावलं चालता आणि ती आडवी होते. चामुंडी टेकडीच्या बाजूने वारा येतोय. विझली तर गटारात जाल, हे पायांना आधी कळतं आणि मग तुम्हाला. कुणी शिकवलेलं नसताना तुमचा दुसरा हात वर येतो आणि ज्योतीपुढे आडवा होतो. तळव्याला ऊब लागते, मग चटका. बोटं जरा लांब, जरा जवळ, असं करत हात आपली जागा शोधतो. आता बोटांकडे बघा. मधला भाग काळा, कडा लाल. उजेड तुमच्या रक्तामांसातून गाळून बाहेर येतोय. तळव्याने अडवलेला प्रकाश मागे फिरून तुमच्याच चेहऱ्यावर पडलाय, आणि समोरून येणाऱ्याला तुमचा चेहरा सोडून काही दिसत नाहीये.

समोरून येतंयही कुणी. एक म्हातारी, तशीच, दिव्यापुढे हात धरून. तिच्यामागे एक मुलगी, तशीच. पलीकडच्या ओसरीवर एक बाई तुळशीकडे निघालीय, तशीच. तुम्ही त्या अंधाऱ्या खोलीत तोंडात बोट घालून जे बघत होतात, ते इथे गल्लीतलं प्रत्येक माणूस रोज तिन्हीसांजेला करतंय आणि कुणी ढुंकून बघत नाही.

आलं चित्रकारांचं ठिकाण. दार उघडायच्या आधी नाकाला कळतं. जवसाचं तेल. त्याच्या मागोमाग टर्पेंटाइनचा तो झणझणीत, डोळ्यांत पाणी आणणारा वास. आत गेलात की तो अंगरख्यालाच चिकटतो. रविवर्मा सत्तावन्न वर्षांचे आहेत आणि थकलेले आहेत. सावलीसारखा बरोबर राहणारा धाकटा भाऊ, सी. राजराज वर्मा, स्वतः उत्तम चित्रकार, या वर्षाच्या सुरुवातीलाच गेला. ज्या कामाला दोघांचे हात लागायचे त्याला आता एकाचेच. घाटकोपरचा छापखाना, देवींना नेसवलेली आपली मराठी नऊवारी, मुंबईतले ते गजबजलेले दिवस, सगळं मागे पडलंय. पुढ्यात नऊ चित्रांचं काम आहे, आणि समोरच्या पडद्याएवढ्या कापडावर समुद्रावर संतापलेला राम धनुष्य घेऊन उभा राहतोय. लाटा अजून नुसत्या करड्या.

तुम्ही विचारायला तोंड उघडता, पण त्याआधी त्यांचा हात बघा. रामाच्या खांद्यावरचं एक उजळ ठिकाण त्यांना पटत नाही. सुरीने ते खरवडून काढतात, फडक्याने पुसतात, आणि तिथेच पुन्हा दाट रंग ठेवतात. तेलरंगाची ही मुभा असते. खाली काळोख रंगवून घ्यायचा, वर उजेडाचे थर चढवायचे. चुकलं तर खरवडायचं, वाळलं की पुन्हा यायचं. उजेड इथे वरून ठेवलेली वस्तू आहे. तिरक्या नजरेने बघितलं तर कापडावर तिचा उंचवटासुद्धा दिसतो.

त्या अंधाऱ्या खोलीतल्या बाईच्या चेहऱ्यावर असा उंचवटा नव्हता. तेलाची ती चकाकीही नव्हती. प्रश्न न विचारताच उत्तर मिळालं. थकल्या माणसाला त्रास न देता निघा, आणि कोपऱ्यातल्या कोऱ्या कापडाला कोपर लावू नका.

त्या चित्राला रविवर्म्यांचं नाव कुणी मुद्दाम चिकटवलं असं मला वाटत नाही. भिंतभर त्यांची चित्रं, त्यांच्या शेजारच्या खोलीत साडीतली एक देखणी बाई. माणूस हिशेब करून टाकतो. पण त्या हिशेबात एक माणूस सबंध गायब होतो. तुम्ही म्हैसुरात दगडाची पूड खाताय, त्याच वेळी बावीस-तेवीस वर्षांचा एक सावंतवाडीकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकतोय. सावळाराम लक्ष्मण हळदणकर. आत्ता त्याला भेटून फायदा नाही; त्याच्याकडे आपल्या कामाचं चित्र अजून नाही. चाळीस वर्षं थांबावं लागेल. आपण उडी मारू.

फटाका. थेट कानाशी. मुंबई, १९४५ ची दिवाळी. जिन्यात चकलीच्या तळणाचा खमंग धूर कोंडलाय, त्यात फुलबाज्यांची जळकी धग आणि सकाळच्या उटण्याचा मागे राहिलेला वास. म्हैसूरच्या काळोखातून आलेल्या तुमच्या डोळ्यांना बल्बचा पिवळा उजेड टोचतो. इथे वीज जिन्यापर्यंत पोचलीय. तरी दिवाळी म्हटल्यावर दिवे हातानेच लावायचे, उंबऱ्यापर्यंत हातानेच न्यायचे.

हळदणकर आता बासष्टचे आहेत. १९०८ पासून स्वतःची कलाशाळा, हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट, चालवतायत. १९१८ मध्ये ज्यांनी आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी केली त्यांतले एक. बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक कधीच मिळून गेलं. माणसांच्या तसबिरी काढाव्यात तर यांनी, असं लोक म्हणतात, आणि तसबिरींना तेलरंगच शोभतो असंही तेच लोक म्हणतात. जलरंग म्हणजे निसर्गदृश्यांचा, हलक्या हाताचा, सुटीतला मामला. हे त्यांना फार दिवसांपासून खुपतंय.

आणि आता त्यांची तिसरी लेक, गीता, सणाची साडी नेसून दिवा घेऊन येतेय. वारा आहे. तिचा हात वर येतो.

तुम्ही हे आधी बघितलंय. म्हैसूरच्या गल्लीत म्हातारीला, मुलीला, स्वतःला. हळदणकरांनी तर जन्मभर बघितलं असणार. फरक इतकाच की आज ते थांबले. लेकीलाही थांबवलं.

यापुढचं काम तुमच्या लेखी फार अवघड आहे, कारण तुम्हाला काहीच करायचं नाही. पाण्याचा पेला बदलायचा आणि श्वास बेताने घ्यायचा. पाटावर कागद ताणून बसवलाय, चारही कडा डिंकाच्या पट्ट्यांनी चिकटवलेल्या, बोटाने टिचकी मारली तर ढोलकीच्या पुडीसारखा वाजेल असा. मारू नका. खोलीत तेलाचा मागमूस नाही. ओल्या कागदाचा जरा धान्यासारखा वास, डिंकाचा गोडसर, आणि पेल्यात कुंचला खळबळला की होणारा तो बारीक आवाज.

म्हैसूरला बघितलेली रीत इथे उलटी आहे. जलरंगात उजेड वरून ठेवता येत नाही. कागद पांढरा आहे, तोच उजेड. जिथे ज्योत हवी तिथे हात लावायचा नाही. म्हणजे चित्रातली सगळ्यात महत्त्वाची जागा रंगवायची नसते, तिच्याभोवतालचं सगळं जग रंगवत यायचं असतं, आणि तिथे शेवटपर्यंत एक थेंबही पडू द्यायचा नसतो. ज्योतीलगत फिकट पिवळसर पाणी, इतकं फिकट की ओलं असताना दिसतं आणि वाळल्यावर शंका येते. ते वाळेपर्यंत थांबायचं. मग गालावर जरा तांबूस. पुन्हा थांबायचं. गळ्याच्या खाली उजेड कुठे संपतो आणि साडीच्या घडीत कुठे शिरतो, तिथे कुंचला ओला हवा पण ओथंबलेला नको. बोटांच्या कडांना लाल, पण तो लाल मागच्या पिवळ्यात पाझरला पाहिजे, वाहता कामा नये. पाझर आणि ओघळ यांच्यात काही क्षणांचंच अंतर असतं. ते क्षण हळदणकर हाताने मोजतायत. तुमच्या हनुवटीवर घामाचा थेंब जमतोय. मागे सरका.

मग काळोख. इथेच भलेभले बुडतात. जलरंगात गडद पार्श्वभूमी दोनदा घोळली की तिचा चिखल होतो. ती एका हिमतीत, मोठ्या कुंचल्याने, मागे वळून न बघता उतरवावी लागते. आणि मधोमध ती हातभर उजळलेली बाई, जिच्या कडेला हा काळोख भिडला पाहिजे, पण शिवता कामा नये. खरवडायची सुरी या खोलीत नाही. चूक झाली तर कागद फाडायचा आणि लेकीला पुन्हा उभं करायचं.

लेकीचं काय चाललंय ते कुणी विचारतंय का? तुम्ही तिच्याशेजारी उभं राहून तसाच हात धरून बघा. सुरुवातीला काही नाही. मग खांद्यात मुंगी चालल्यागत. मग दंडाला रग लागते, मनगट आपोआप खाली येऊ लागतं, तळवा तापून घाम सुटतो, नाकाला खाज येते. ती तासन्‌तास उभी आहे आणि तिच्या चेहऱ्यावर यातलं काहीही नाही. पाहणाऱ्याला तिथे शांतपणा दिसतो, आशा दिसते, आणि पुढे चित्राला इंग्रजीत 'ग्लो ऑफ होप' असं नावही मिळतं. दुखणारा खांदा कुणाला दिसत नाही. चिवट होती मात्र. कोल्हापुरात राहून शंभरी ओलांडली, २०१८ मध्ये गेली तेव्हा १०२ वर्षांची होती. त्या चित्रातली बाई ती मीच, असं म्हणणारं माणूस इतकी वर्षं आपल्यात होतं, आणि तरी आपण रविवर्म्यांचं नाव घेत होतो.

जलरंग, तोही असा, मुद्दाम. यात थोडा हट्ट होता, थोडी ईर्षाही. कलेतल्या जाणकारांना दाखवायचं होतं की दुरुस्तीची मुभा नसलेल्या या माध्यमात निर्दोष काम उतरवता येतं. एवढा अनुभव गाठीशी असूनही माणसाला कुणाला तरी काही तरी दाखवायचं असतं, हे वाचून मला तरी बरं वाटतं. मात्र नुसत्या हट्टाने ज्योत पेटत नाही. उजेडाकडे बघण्याची ही सवय कुठून आली, ते बघायला आणखी मागे जावं लागेल. पाण्याचा पेला खाली ठेवा. सांडू नका.

लाल माती. चिकट, गरम, पायाच्या बोटांमधून वर येणारी. तुमच्या पोपटी बुटांचं काय झालं ते विचारू नका. दमट हवा अंगावर ओल्या पंचासारखी पडलीय. सावंतवाडी, एकोणिसावं शतक सरत आलेलं. मोती तलावाच्या पाण्यावरून वारा येतो न येतो असा, आणि चितारआळीच्या तोंडाशी लाखेचा वास उभा आहे, गरम, राळेसारखा, घशात बसणारा. लाकडाच्या सोंगट्या, पोळपाट, देव्हारे, बाहुल्या. चाकावर लाकूड फिरतंय, त्यावर लाखेची कांडी टेकली की फिरतं लाकूड लाल होत जातं. गावातल्या पोरांना वेगळी चित्रशाळा लागत नाही. सुटी असली की इथे उभं राहायचं आणि कुणी हाकललं की पलीकडच्या ओसरीवर जायचं.

एका ओसरीवर गंजिफा होतायत. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवलेले, खडूचं अस्तर देऊन दगडाने घोटून गुळगुळीत केलेले गोल पत्ते. त्यावर केसाएवढ्या कुंचल्याने मत्स्य, कूर्म, वराह. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, असे एकशेवीस. तुम्ही तिथेच थबकता, कारण असेच गोल पत्ते तुम्ही सकाळी म्हैसूरच्या कलादालनात बघितलेत! तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांना गंजिफांचा असा नाद होता की त्यांनी स्वतः नवे डाव रचले, त्यातल्या एकाला अठरा रंग आणि तीनशे साठ पत्ते. जगनमोहन बांधणारे राजे तेच. सावंतवाडीला म्हैसूरशी जोडणारं चित्र ते हळदणकरांचंच, असं नाही. गोल पत्त्यांचं नातं त्याआधीपासून होतं.

इथल्याच शाळेत सावळाराम नावाचा मुलगा आहे. त्याचा हात मुख्याध्यापकांच्या नजरेत भरणार, संस्थान पाठबळ देणार, आणि १९०३ मध्ये तो मुंबईला जे. जे.त जाणार. ते अजून लांब आहे. आत्ता तो या पोरांच्या गर्दीत कुठे तरी असेल असं धरून चालू. वास बघा किती वेगळा आहे इथल्या दिव्याचा: उंडीचं कडू तेल, धूर जास्त, उजेड कमी. भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या छपरापर्यंत वाढल्यात आणि पत्त्यावरचा सोनेरी रंग फक्त दिव्याकडे वळवला तरच चमकतो. माणसं बोलताना दिव्याकडे तोंड करून बोलतात. ज्याला चेहरे काढायचेत त्याला यापेक्षा चांगली तालीम कुठे मिळणार?

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला डाव मांडायचाय, आणि भांडण सुरू झालंय. दशावतारी गंजिफात दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्याकडे राम त्याने उतरायचं. रात्री बसलं तर कृष्णवाल्याने. आणि ही नेमकी तिन्हीसांज.

"दिस बुडलो मरे! कृष्ण येऊ दे."

"खंय बुडलो? तळ्यार बघ, उजवाड आसा अजून. राम माझ्याकडे."

"मगे दिवो कित्याक लावलंस?"

याला उत्तर नाही. सगळे तुमच्याकडे बघतात, कारण तिसरा गडी उठून गेलाय आणि तुम्ही रिकामे उभे आहात. कुणी तरी हाताला धरून खाली बसवतं. चाळीस गोल पत्ते ओंजळीत पडतात. गोल पत्ते हातात पसरून धरणं किती कठीण असतं ते तुम्हाला आत्ता कळतंय, चार निसटून मांडीवर पडले, त्यातला एक सगळ्यांनी बघितला. आतून दुसरा दिवा येतोय, हात आडवा धरून. मागे उभी असलेली पोरं तुमच्या खांद्यावरून वाकून पत्ते बघतायत आणि एकमेकांना कोपराने ढोसतायत. राम का कृष्ण, कोण उतरणार हे अजून ठरलेलं नाही, पण समोरच्या म्हाताऱ्याचा धीर सुटलाय.

"टाक मरे, बघतंस काय?"